शकुंतलाबाईंनी फाडलेलं पान

शकुंतलाबाई सोमकुवर मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांची उंची अकरा फूट होती. पुढे आठ वर्षं आम्ही एकाच इमारतीत नोकरी केली. त्या चार फूट दहा इंचांच्या आहेत हे मी रोज पाहत होतो. पण १९८१ सालच्या त्या सोमवारी त्या अकरा फुटांच्या होत्या, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

मी नुकताच पांढुर्ण्याहून सौंसरच्या नगरपालिकेत बदलून आलो होतो. जन्ममृत्यूच्या नोंदीचा बाबू. माझ्या सहीशिवाय सौंसरात कोणाला धड जन्मही घेता येत नसे आणि मरताही येत नसे. अशा खुर्चीत माणूस थोडा फुगतोच. त्यात मी पांढुर्ण्याचा, म्हणजे मोठ्या रेल्वेच्या गावचा. छोट्या रेल्वेच्या गावात आल्यावर छाती दोन इंच पुढे काढून चालणं हे मला कर्तव्यच वाटत होतं. तर दुपारी जेवण झाल्यावर मी शेजारच्या वाचनालयात बुटांसकट शिरलो, नागपूरचं वर्तमानपत्र उचललं, त्याचा कोपरा फाडला आणि त्याची छानशी सुरळी करून कान कोरायला घेतला.

कागद फाटल्याचा आवाज झाला आणि पुढचं सगळं एकदम घडलं. गणपतीपासून बंद असलेला पंखा आपोआप तीन वेळा फिरला. कोपऱ्यात पेंगणारे दोन पेन्शनर टेबलाखाली दिसेनासे झाले. झाडू घेतलेली एक बाई जमिनीतून वर आली आणि वर येतच राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याला दोन गावं एकमेकांवर दगड मारतात त्या गोटमारीत, जाम नदीच्या काठावर, कानाजवळून दगड जात असतानाही मी पाऊल मागे घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाबूजी, तो कोपरा कोणाचा होता?"

मी सुरळी उलगडली. त्यावर एका म्हाताऱ्याचा श्रद्धांजलीचा फोटो होता. अर्धा. उरलेला अर्धा वर्तमानपत्रात राहिला होता.

मग मी बूट बाहेर काढले, बाईंनी कणकेची खळ करून आणली, आणि संपूर्ण सौंसरच्या जन्ममृत्यूचा अधिकारी फरशीवर मांडी घालून एका मृताचं डोकं त्याच्या धडाला चिकटवत बसला. पेन्शनर टेबलाखालून बघत होते. ते चिकटवून झाल्यावर बाईंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "कान वाकडा बसला. पण चालन."

कागदोपत्री त्या भृत्य होत्या, म्हणजे चपराशी. ग्रंथपालाची जागा नऊ वर्षांपासून रिकामी होती, ती भरावी असं कोणाला वाटतही नव्हतं, कारण वाचनालय उत्तम चाललं होतं. झाडणं, पाणी भरणं, पुस्तकं देणं, नोंद ठेवणं, सगळं बाईच करत. पुस्तक परत न करणाऱ्याच्या घरी त्या जाऊन ओसरीवर बसत. काही बोलत नसत, फक्त बसत. एका मास्तरांनी त्यांना लांबून येताना पाहून पुस्तक खिडकीतून बाहेर टाकलं आणि स्वतः मागच्या दारानं पळाले अशी सौंसरात नोंद आहे. बाईंचं शिक्षण सातवी. नवरा सडकेच्या कामावर होता, तो तरुणपणीच गेला. मूल नव्हतं. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत त्या राहत. वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं, त्यात 'कुक्कुटपालन' आणि 'विमा कायदा' हेही आले.

शनिवारी शाळा लवकर सुटे. मग नववी-दहावी-अकरावीच्या वीस-पंचवीस पोरी वाचनालयात येत आणि मासिकांतल्या गोष्टींवर तुटून पडत. त्या गोष्टींबद्दल बाईंची एक तक्रार होती आणि ती त्यांनी माझ्याकडे नोंदवली, जणू मी त्याचंही खातं सांभाळतो. त्यांचं म्हणणं, या गोष्टींतली पोरगी उदास झाली की शेवटच्या परिच्छेदात तिचं एकतर लग्न होते नाहीतर ती विहिरीत जाते. तिसरं काही होतच नाही. लिहिणारा कधी उदास झालेला दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून १९८३ च्या नवरात्रात त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. जुन्या मतदारयाद्या रद्दीत पडल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्या लिहीत आणि पानं पांढऱ्या दोऱ्यानं शिवत. पुढून गोष्ट, मागून मतदार. दर शनिवारी एक भाग वाचून दाखवत.

गोष्टीतल्या पोरीचं नाव सरला. वय सोळा. तिला काही झालेलं नव्हतं, हीच तिची अडचण होती. कोणी मेलं नव्हतं, परीक्षेत नापास झाली नव्हती, कोणावर जीव बसला नव्हता. फक्त एके दिवशी तिला वेणी घालावीशी वाटेना. मग जेवावंसं वाटेना. चुलीवर दूध उतू जात होतं आणि ती समोर बसून बघत होती. घरचे तिला भगताकडे नेतात, लिंबू उतरवतात, एक पाहुणा मामा तिची समजूत घालायच्या नावाखाली नको तिथे हात लावतो, हेही त्या गोष्टीत होतं. बाई ते न अडखळता वाचत. पोरी खाली मान घालून ऐकत, पण एकही उठून जात नसे.

हे नगराध्यक्षांच्या कानावर गेलं. त्यांनी बाईंना काही म्हटलं नाही. बाईंना काही म्हणायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी मला बोलावून सांगितलं की पोरींना काहीतरी हसवणारं वाचून दाखवा. पालिकेत विनोदी म्हणून माझंच नाव होतं. मी आंबेचोराची एक गोष्ट लिहिली, आवाज काढून, हातवारे करून वाचली. पंचवीस पोरींनी ती शेवटपर्यंत ऐकली, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर जसा चेहरा ठेवतात तसा ठेवून. संपल्यावर मागून एकीनं अदबीनं विचारलं, "बाबूजी, आता सरला?" मी माझे कागद गोळा केले.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी वाचन संपलं तरी एक पोरगी जागची उठेना. ती वंदना, मोहगावच्या बाजूची, रोज बसनं शाळेत यायची. बाईंच्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं, "बाई, सरला विहिरीत कधी उडी घेते?"

मी दारात उभा होतो. बाई वही बांधत होत्या, त्यांचा हात थांबला. उडी घेते असं तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. वंदना म्हणाली की इंदूनं. इंदू तिच्या शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यातली, पुंडलिकराव घागऱ्यांची पोरगी. दिवाळीपासून शाळेत येत नव्हती. वंदना दर शनिवारी घरी गेल्यावर कुंपणाच्या अलीकडून तिला तो भाग सांगत असे. पलीकडून इंदू काही बोलत नसे, नुसती ऐकत असे. पण मागच्या शनिवारी बोलली.

"काय बोलली?"

"म्हणे, सरला उडी घेते तेवढं ऐकून घेतो, मग झालं."

वंदनाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. गोष्टीचा शेवट कळावा एवढीच तिची चौकशी होती. बाईंनी तिला बसपर्यंत पोचवलं, परत आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पुढच्या शनिवारचं पान त्यांच्या हातात होतं. ते मी वाचलं. सरला पहाटे उठते, पदर खोचते आणि विहिरीकडे जाते. उत्तम लिहिलेलं होतं. मासिकातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा उत्तम.

"मीही तेच लिहून ठेवलं बाबूजी," बाई म्हणाल्या. "मले वाटे, मी वेगळं लिहून राहिली."

मग त्यांनी मृत्यूचं रजिस्टर मागितलं आणि विहिरीचे किती, ते पाहायला सांगितलं. मी गेल्या दोन वर्षांची पानं उलटली. विशीच्या आतबाहेरच्या सात पोरी निघाल्या. कारणाच्या रकान्यात सातही ठिकाणी माझ्याच वळणदार अक्षरात एकच वाक्य होतं: पाय घसरून विहिरीत पडल्याने. घरचे जे सांगत ते मी लिहीत असे. मला त्या अक्षराचा मोठा अभिमान होता.

बाईंनी ती ओळ बोटानं एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. "सगळ्यांचेच पाय कसे घसरतात जी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी रजिस्टर मिटलं.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात एकदाच पाहिलं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यासाठी मला फरशीवर मांडी घालायला लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हातानं वहीतलं ते पान फाडलं. उभं फाडलं, आडवं फाडलं, आणि तुकडे माझ्या टोपलीत टाकून म्हणाल्या, "चला."

मी तपासणीला जातो असं सांगून निघालो. कसली तपासणी ते कोणी विचारलं नाही. जन्ममृत्यूच्या बाबूला कोणी खोलात विचारत नाही.

बस मोहगावच्या अलीकडे सोडून आम्ही बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते आणि झाडं बघवत नव्हती. पानं पिवळी, वळलेली, मान टाकलेली. मला शेतीतलं कळत नाही. मी बाईंना म्हटलं, या बिचाऱ्याची झाडं मेली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे बूट आठवले.

पुंडलिकराव बगीच्यातच होते. उंच, हडकुळे, डोक्याला रुमाल, हातात मातीचं ढेकूळ. मी झाडांबद्दल दुःख व्यक्त केलं तेव्हा ते मनापासून हसले. त्यांनी मला समजावलं की डिसेंबर लागताच त्यांनी पाणी तोडलं आहे. चाळीस दिवस झाडाला थेंब द्यायचा नाही. झाड सुकते, पान गाळते, पाहणाऱ्याला दया येते. पण मधेच दया आली आणि पाणी दिलं की फसलं, नुसता पाला येतो. पूर्ण दिवस भरले आणि मग पाणी सोडलं की झाड फुलानं पांढरं होते. सगळा परिसर त्यांना विचारायला येई की पाणी कधी तोडू, कधी सोडू. या एका गोष्टीत त्यांचा शब्द तहसीलदाराच्या वरचा होता.

मग बाईंनी इंदूचं विचारलं.

"तिले काही नाही झालं," पुंडलिकराव म्हणाले. "दिवाळीपासून कोमेजली. मायनं लय बोलून पाहिलं, रडून पाहिलं. मी म्हटलं, हात नोका लावू. पाणी तोडा. चाळीस दिवस कोणी तिच्याशी बोलाचं नाही, ताट ठेवाचं अन् यायचं. आपोआप उमलते पोट्टी. आज पस्तीस झाले."

हे सांगताना त्यांची नजर बगीच्याच्या टोकाच्या खोलीकडे गेली आणि लगेच परत आली. हा माणूस दुष्ट असता तर मला फार सोपं गेलं असतं, मी दोन शब्द सुनावले असते. पण त्याला जगातलं जे सगळ्यात चांगलं येत होतं तेच त्यानं पोरीसाठी केलं होतं.

बाई मनाच्या आजारावर काही बोलल्या नाहीत. त्या झाडाखाली उकिडव्या बसल्या आणि त्यांनी एक पान हातात घेतलं.

"भाऊ, पाणी तोडल्यावर बगीच्यात कधी येता?"

"रोज येतो. दिवसातून चारदा येतो."

"काहून? पाणी तं द्यायचं नसते."

"पान पाहाले लागते ना बाई. ढेकूळ फोडून ओल पाहाले लागते. एक दिवस जास्त झाला तं झाड मरते. पाणी तोडणं सोपं आहे, पाहणं कठीण आहे."

"अन् पोरीकडे किती वेळा गेले?"

पुंडलिकरावांनी ढेकूळ या हातातून त्या हातात घेतलं. मग ते म्हणाले, "ती खोलीतच आहे."

"खोलीत आहे हे तं मी सौंसरात बसूनही सांगते भाऊ."

पुंडलिकरावांच्या हातातलं ढेकूळ फुटलं. त्यांनी फोडलं नव्हतं. ते बांधावर बसले आणि रुमाल काढून तोंडावर धरला.

घरात इंदूची आई, सुनंदाबाई, आमच्यासाठी चहा घेऊन आल्या. मला कपबशीत. शकुंतलाबाईंना कान तुटलेल्या कपात. असा कप कोणासाठी वेगळा ठेवलेला असतो हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बाईंनी चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः विसळला आणि भिंतीशी उपडा ठेवला. मग त्या बगीच्याच्या टोकाच्या खोलीत इंदूकडे गेल्या. मी बाहेर पायरीवर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि नको ते ऐकलं म्हणून मला आजपर्यंत एकदाही वाईट वाटलेलं नाही.

आधी बाई पुस्तक परत मागायला बसतात तशा बसल्या असणार. मग त्यांनी सरळ विचारलं, "मरावं वाटते का?"

मी पायरीवरून अर्धा उठलो. असं कोणी कोणाला विचारतं का? तो शब्द माझ्या रकान्यातला, तोही नंतर लिहायचा. पण आतून एक आवाज आला, फार वापर नसलेल्या दाराचा येतो तसा.

"रोज नाही वाटत."

"आज?"

"आज अजून पाहिलं नाही."

बाईंनी मग तिला स्वतःचं सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. नवरा गेल्यानंतर दीड वर्षानं, सगळं सुरळीत झाल्यावर, एका सकाळी त्यांना आंघोळीचा गडवा उचलता आला नाही. गडवा म्हणजे तांब्या, पितळेचा, नेहमीचा. पाणी काढून ठेवलेलं. हात पुढे जाईना. तीन महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. गल्लीतल्या बायांनी त्यांना आळशी म्हटलं, मग करणी झाली म्हटलं. एक शेजारीण मात्र रोज यायची, काही न विचारता एक गडवा पाणी त्यांच्या अंगावर ओतायची आणि जायची. पुढे नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या एका नर्सनं डॉक्टरकडे नेलं.

"मग गेलं?" इंदूनं विचारलं.

"गेलं. मग एकदा परत आलं. तेव्हा ओळखीचं होतं, म्हणून कमी भ्याली."

 मग इंदू म्हणाली, "सरला उडी घेते ना?"

"घेत होती. मी पान फाडलं."

"मग काय करते?"

"तेच सुचून नाही राहिलं. तुले काय वाटते?"

 आत पोरगी विचार करत होती. तिनं फार वेळ घेतला, आणि मग जे बोलली ते कुठल्याही मासिकानं परत पाठवलं असतं.

"तिले आंघोळ कराची असन," इंदू म्हणाली. "लय दिवस झाले असन तिले."

बाई बाहेर आल्या आणि पुंडलिकरावांना म्हणाल्या, पाणी तापवा.

त्या रात्री बाई सौंसरला परतल्या नाहीत, दुसऱ्याही नाही. पोरीला एकटं ठेवायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. खोलीला कुलूप लागलं आणि इंदूची खाट घरात आई-बापाच्या खाटांच्या मधे आली. विहिरीवर पुंडलिकरावांनी त्याच दिवशी फळ्या ठोकल्या. सोमवारी सकाळी सगळे नागपूरच्या बसमध्ये बसले. डॉक्टरचा पत्ता मी मिळवून दिला होता, यापलीकडे या सगळ्यात माझं कर्तृत्व नाही. बसमध्ये ओळखीचे निघतातच. कुठे चालले म्हणून एकानं विचारल्यावर पुंडलिकराव म्हणाले, कानाच्या डॉक्टरकडे. पुढचा थांबा येईपर्यंत ते खिडकीचा गज धरून बसले. मग उठून त्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, "कानाच्या नाही. पोरीचं मन दुखून राहिलं, त्याच्या डॉक्टरकडे." सौंसर तालुक्यातल्या बसमध्ये हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. तो माणूस थोडा सरकला आणि त्यानं पुंडलिकरावांना जागा दिली.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं, आणि सांगितलं की गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका. बाकीच्यांना हे समजावताना डॉक्टरांचा घसा कोरडा पडत असेल. पुंडलिकरावांना अर्ध्या वाक्यात समजलं. पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी कुठे फूल येते?

त्यांनी मग पोरीकडे पाहायला सुरुवात केली, आणि कशी! दिवसातून चारदा. भिंतीवर कोळशानं लिहीत: सकाळी अर्धी भाकर, दुपारी झोप, संध्याकाळी दोन वाक्यं बोलली. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहत. तळहात उलटून पाहत. दहाव्या की बाराव्या दिवशी इंदू त्यांना म्हणाली, "बाबा, मी झाड नाही जी." आणि ती स्वतःच हसली. पुंडलिकराव ते सांगायला पायी सौंसरला आले. बसची वाट पाहायला त्यांना वेळ नव्हता.

त्याच्या पुढल्या रविवारी बाई इंदूला भेटायला गेल्या तेव्हा मीही होतो. सुनंदाबाईंनी चहा आणला. घरातल्या स्टीलच्या पेल्यात, सगळ्यांना सारखा.  तो तुटका कप मला कुठे दिसला नाही. मी नीट पाहिलं होतं.

पण मला त्या शनिवारचं सांगायचं आहे, इंदू नागपूरला जाऊन आली त्या आठवड्यातलं. पंचवीस पोरी सरलेची उडी ऐकायला रुमाल घेऊन आल्या होत्या. बाईंनी नवं पान उघडलं. त्यात सरला आंघोळ करते. बस. पाच पानं आंघोळ. पाणी काढलेलं आहे, गडवा समोर आहे, हात पुढे जात नाही. मग जातो. गडवा अर्धाच भरतो. केसातून पाणी जात नाही, इतकी गुंतवळ झालेली. सरलेची आई बाहेर उभी राहून पाणी पडल्याचा आवाज मोजते.

मला वाटलं होतं पोरी निराश होतील. कोणी हललं नाही. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतली एक पोरगी हात वर करून उभी राहिली. वर्गात प्रश्न विचारतात तशी. ती म्हणाली, "बाई, माह्यी आई दोन महिन्यांपासून आंघोळ करत नाही." तिच्या शेजारची म्हणाली, तिचा भाऊ. मग आणखी एक उठली, आणि ती कोणाबद्दल न बोलता नुसतीच उभी राहिली. बाईंनी तिला आपल्या जवळ बसवलं.

मी दारातून माझ्या खोलीत गेलो आणि मृत्यूचं रजिस्टर उघडलं. त्या दिवसापासून विहिरीची नोंद द्यायला कोणी आलं की मी पेन खाली ठेवत असे आणि विचारत असे, घसरण्याआधी कशी होती? काही लोक रागावून जात. काही बसत आणि सांगत. दुसरं काही मला जमलं नाही.

गोष्ट त्या वर्षी मेपर्यंत चालली. सरला बरी होते, थोडी पुन्हा बिघडते, मामाचं नाव आईला सांगते, शाळेत परत जाते. तिचं लग्न होत नाही. शेवटचं पान बाईंनी चौदा वेळा लिहिलं. मला दाखवायच्या, मी 'छान आहे' म्हणायचो आणि त्या ते परत घेऊन जायच्या, कारण माझं मत त्या कान कोरण्यापुरतंच धरत. ते पान वंदनाकडून इंदूच्या कानी गेलं की तिला पटलं पाहिजे, तिला खोटं लगेच कळते, एवढंच त्या म्हणत. ज्या दिवशी ते पान त्यांनी वाचलं त्या दिवशी नगराध्यक्ष मागच्या बाकावर येऊन बसले होते. संपल्यावर ते उठले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले की तुमची आंबेचोराची गोष्टही तशी ठीक होती.

सौंसरात मी अनेक मोठी माणसं पाहिली. त्यांच्या जन्माचे दाखले मीच दिले आहेत. पण पांढुर्ण्याला घरी गेलो की मी ओसरीवर बसून अभिमानानं एकच गोष्ट सांगतो, की शकुंतलाबाई सोमकुवरांनी मला एकदा फरशीवर बसवून खळ लावायला लावली होती.

इंदू त्यानंतर ८५ च्या पावसाळ्यात पुन्हा आजारी पडली, पुन्हा बरी झाली, अकरावी दुसऱ्या खेपेला पास झाली आणि सध्या छिंदवाड्याला नर्सचं शिक्षण घेते. ग्रंथपालाची जागा ८७ साली भरली गेली, प्रमाणपत्र असलेला एक माणूस आला. बाई मागच्या मार्चमध्ये भृत्य म्हणूनच निवृत्त झाल्या. मध्यंतरी इंदू मला सौंसरच्या बसथांब्यावर भेटली. गोष्टीचं शेवटचं पान कसं वाटलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, त्या मे महिन्यात वंदना स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत होती, त्यामुळे ते तिला सांगायला कोणी आलंच नाही. वही बाईंनी वाचनालयाच्या कपाटात ठेवली होती. ८८ च्या पावसाळ्यात ती वाळवीनं खाल्ली.